माळावरच्या भोंडेबाई

कोणतीही नवी वस्तू समोर आली की भोंडेबाई ती आधी उलटी करून बघत. टॉर्च असो, मिक्सर असो, नाहीतर कोणाच्या मुलाने परदेशातून आणलेला रेडिओ असो. खालच्या बाजूला स्क्रू दिसले की त्यांचा चेहरा जरा निवळायचा. स्क्रू नसले, तर ती वस्तू अलगद टेबलावर ठेवून त्या विचारत, "हे बिघडलं तर मला दुरुस्त करता येईल का?" नाही म्हटलं की विषय संपला. स्वतःला दुरुस्त करता येत नाही ते घरात आणायचं नाही, असा त्यांचा नियम होता. मनगटी घड्याळसुद्धा त्या वापरत नसत. वेळ विचारली तर ऑफिसच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवत आणि म्हणत, "ते ऑफिसचं आहे. बिघडलं तर ऑफिस बघेल."

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती त्यांची जागा घ्यायला, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी वर्ध्याहून पुण्याला येऊन कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहत होते आणि संगणकावर नकाशे काढण्याचा सहा महिन्यांचा कोर्स करून नुकतीच नोकरीला लागले होते. डेक्कनजवळ बांधकामाचे नकाशे करून देणारं एक जुनं ऑफिस होतं. पाच ड्रॉइंग बोर्ड, अमोनिया प्रिंटचा डोळ्यांत जाणारा वास, आणि खिडकीपाशी बसलेल्या मुख्य ट्रेसर वत्सला भोंडे. बावीस वर्षं त्या ट्रेसिंग पेपरवर शाईने रेषा मारत होत्या. चूक झाली तर ब्लेडच्या कोपऱ्याने शाई अशी खरवडायच्या, की कागद उजेडात धरला तरी जागा सापडू नये. त्या खोलीत मालकांनी दोन संगणक आणले आणि ते चालवायला मला.

सगळे त्या काय करतात ते बघत होते. बाई उठल्या. यंत्र काही उलटं करता येईना, म्हणून त्याच्या मागे जाऊन त्यांनी वायरी बघितल्या.

"हा बिघडला तर?"

"इंजिनिअर येतो," मी म्हटलं.

"आणि नाही आला तर?"

"वाट बघायची."

"म्हणजे तुम्हाला वाट बघण्याचा पगार आहे. बरं आहे."

खोलीत हशा पिकला. मी खाली मान घातली. पण अर्थिंगचा एकच चांगला प्लग खिडकीजवळ होता, हे कळल्यावर त्यांनी कोणी न सांगता आपला बोर्ड तिथून उचलून आतल्या भिंतीला नेला. बावीस वर्षांचा उजेड त्यांनी मला दिला आणि वर म्हणाल्या, "रेषा कशानेही मारा. मारण्याआधी ती कशासाठी आहे ते विचारत जा."

माझ्या वर्ध्याकडच्या बोलण्यातलं 'करून राहिले' त्यांना फार आवडायचं. दुपारी माझ्या खुर्चीमागे येऊन त्या गंभीरपणे विचारत, "काय करून राहिलात तुम्ही?" पुण्यात माझ्या बोलीला हसणारे पुष्कळ भेटले. ती इतक्या अदबीने वापरणाऱ्या त्या एकट्याच.

वर्षभरात बोर्डांवरचं काम आटत गेलं. मालक भले होते. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, की तुम्हीही संगणक शिका, तुमची जागा कायम आहे. ऑफिसात सगळ्यांची खात्री होती, की बाई नाही म्हणणार. बाई हो म्हणाल्या. रोज संध्याकाळी एक तास त्या माझ्या शेजारी बसू लागल्या. वहीत टिपणं काढायच्या, माउस धरताना करंगळी वर ठेवायच्या आणि तेच तेच प्रश्न कधी विचारायच्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एका तीन मजली इमारतीचा पूर्ण नकाशा एकटीने काढला. मी तपासला. एक चूक नव्हती. बाईंनी त्याची प्रिंट मालकांच्या टेबलावर ठेवली आणि तिच्यावर आपला राजीनामा ठेवला.

मी जिन्यात त्यांना गाठलं. "बाई, आता तर तुम्हाला येतं."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "जमलं नाही म्हणून गेली, असं कोणी म्हणायला नको. जमतंय. मला दुसरं करायचंय."

ते दुसरं काय हे मला चार महिन्यांनी कळलं. त्यांचं पोस्टकार्ड आलं. टपोरं, एका मापाचं अक्षर, खाली उत्तर दिशेच्या बाणासकट छोटा नकाशा. लोणी काळभोरच्या पुढे, हमरस्ता सोडून आत दोन मैल, एका उघड्या टेकडीच्या पायथ्याशी अर्धा एकर माळ. कोणालाच नको असलेला तो मुरमाड तुकडा त्यांनी फार पूर्वी घेऊन ठेवला होता. लग्न केलं नव्हतं, मागे कोणी नव्हतं. एक भाचा होता, तो परदेशात.

रविवारी मी गेले. बसने गावापर्यंत, पुढे चालत. बाई साडीचा ओचा खोचून दगड निवडत होत्या. सोबत गावातले सोपानराव गवंडी आणि त्यांची बायको हिराबाई. घराचा नकाशा अर्थातच बाईंचा, ट्रेसिंग पेपरवर शाईने काढलेला. सोपानरावांनी तो एका दगडाखाली दाबून ठेवला होता आणि अधूनमधून त्याच्याकडे संशयाने बघत होते.

"बाईंनी कागदावर समदं लिवलंय," ते मला म्हणाले. "कुटला दगुड कुटं बसंल त्ये बी. दगडाला इचारलं न्हाई फकस्त."

बाई मागूनच म्हणाल्या, "ते तुम्ही विचारा. तुम्हाला ओळखतात ते."

दोन खोल्यांचं ते घर आठ महिन्यांत उभं राहिलं. मातीत बांधलेल्या दगडी भिंती, वर जुन्या बाजारातून निवडून आणलेली कौलं, कौलांखाली पन्हळ आणि पन्हळीचं पाणी साठवायला जमिनीत टाकी. गिलावा बाई स्वतः शिकल्या, कौलं चढवायला शिकल्या, दिव्याची वायरिंगही. टाकी मात्र पहिल्या पावसाळ्यात गळली. त्यांनी ती उपसली, भेगा खणून पुन्हा लिंपली. पुन्हा गळली. तिसऱ्यांदाही गळली. मी म्हटलं, पुण्याहून कोणी जाणकार आणू या. त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की मी घमेलं उचललं. चौथ्यांदा टाकीने पाणी धरलं. तेव्हा मला म्हणाल्या, "आता ही टाकी माझ्याएवढी कोणाला माहीत आहे सांग. जाणकार झालेच की मी." त्या दिवसापासून त्यांनी मला 'अगं' म्हणायला सुरुवात केली.

माझं आयुष्य मात्र दुसऱ्या दिशेने पळत होतं. ऑफिस सुटलं, मी एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत गेले, लग्न झालं, कर्वेनगरलाच चौथ्या मजल्यावर फ्लॅट झाला. रविवार आक्रसत गेले. दर आठवड्याची भेट महिन्यातून एकदा झाली, मग सणावारी. पण गेले की बाई पूर्वीसारख्याच दिसायच्या, थोड्या जास्त काळ्या आणि थोड्या जास्त ताठ. त्यांनी त्या मुरमातून शेवगा, कढीपत्ता, लिंबू, तूर आणि अळू उभा केला होता. जेवायला भाकरी, अळूचं फदफदं, खोबरं न घातलेली आमटी. नारळाचं झाड इथे होत नाही म्हणून खोबरं नाही. मंडईत त्या वर्षातून दोनदा येत, गूळ, मीठ, चहा आणि बियाणं घ्यायला. तिथल्या भाजीवाल्यांशी त्या वाणांवरून तासन्‌तास वाद घालत आणि एकही भाजी न घेता परत जात.

माझ्या नवऱ्याने एकदा त्यांना विचारलं, इथे एकटं वाटत नाही का. बाई शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "वाटतं ना. दुपारी साडेतीनच्या सुमाराला वाटतं. मग मी चहा करते." तो येताना बसमध्ये मला म्हणाला, "ही बाई खोटं बोलू शकत नाही, नाही?" मला उगाचच माझंच कौतुक झाल्यासारखं वाटलं.

नंतर एका उन्हाळ्यात ते पोस्टकार्ड आलं. तीनच वाक्यं होती. "एक काम आहे. मला एकटीला जमणारं नाही. रविवारी ये." मी ते दोनदा वाचलं. दहा वर्षांत बाईंनी मला कधी 'येताना काड्यापेटी आण' असंही लिहिलं नव्हतं.

गेले तेव्हा ओट्यावर गावातली दहाबारा माणसं बसली होती. दोन पावसाळे कमी झाले होते आणि टेकडीपलीकडे फार्महाऊसच्या एका मोठ्या स्कीमसाठी एकामागून एक बोअर पडत होते. बाईंच्या टाकीला तळाशी थोडं पाणी होतं, कारण त्या मोजून वापरत. पण हिराबाईंची विहीर, जिच्यावर खालची सात घरं जगत होती, ती तळ दाखवत होती. हिराबाई दोन मैलांवरून डोक्यावर पाणी आणत होत्या आणि वाटेत बाईंच्या दारावरून जाताना टाकीकडे बघतही नव्हत्या. बाईंना ते सोसवत नव्हतं. त्यांनी टाकीचं झाकण सगळ्यांना उघडं केलं होतं. ती पंधरा दिवसांत संपणार हे त्यांना कळत होतं.

"मी इथे आले तेव्हा म्हणायचे, माझं मी बघेन," त्या मला आत नेऊन म्हणाल्या. "माझं बघितलं मी. पण हिराबाईने मला उभं केलं, आणि तिची घागर रिकामी असताना माझ्या टाकीत पाणी असणं म्हणजे मी काही शिकले नाही."

त्यांनी ठरवलं होतं, की टेकडीच्या उतारावर समपातळीत चर खणायचे. पाऊस पडला की पाणी उतारावरून पळून न जाता चरांत थांबेल, मुरेल, आणि हळूहळू खालच्या विहिरीला लागेल. गवंडी भिंतीची पातळी बघायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तशी एक लांब नळी घेऊन बाई, सोपानराव आणि हिराबाई सव्वा महिना टेकडीवर फिरले होते. सहासष्ट वर्षांच्या बाई. दर दहा पावलांना नळी धरायची, पातळी जुळवायची, चुन्याच्या फक्कीची रेघ ओढायची आणि वहीत आकडा लिहायचा.

सोपानराव पहिल्यांदा म्हणाले होते, "बाई, पानी कागदावर वाहत न्हाई."

"बरोबर. म्हणून तर आधी डोंगर चालायचा," असं बाईंचं उत्तर.

वहीवरून त्यांनी टेकडीचा नकाशा काढला होता. मी आयुष्यात पाहिलेला तो सर्वांत देखणा नकाशा. पण टेकडी सरकारी होती, परवानगी लागणार होती, आणि कचेरीत नियम असा, की नकाशा संगणकावर काढलेला हवा. तेवढ्यासाठी मला बोलावलं होतं.

"मी शिकले होते," बाई म्हणाल्या, "पण तुमचं ते यंत्र दर वर्षाला बदलतं. मी मागे राहिले. तेवढं तू कर."

मी वही घेऊन घरी आले. आठवडाभर ऑफिसनंतर बसून सगळे आकडे भरले, रेषा जुळवल्या, रंगही दिले. छान दिसत होतं. पुढच्या रविवारी मोठ्या अभिमानाने प्रिंट त्यांच्यासमोर पसरली. बाईंनी चष्मा लावला आणि एकेक रेषा डोळ्यांनी तपासत नेली. मग ईशान्येच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"इथे पाणी चढावर निघालंय."

"तसं कसं होईल?"

"तुमच्या यंत्रात होत असेल. आमच्या डोंगरावर होत नाही."

आम्ही वही उघडली. एका ठिकाणी मी ९ चा १ वाचला होता. मी शरमले. मग बाईंनी तो आकडा जवळ धरून बघितला आणि म्हणाल्या, "वाचणाऱ्याला चुकीचं वाचता आलं, म्हणजे लिहिणारीने चुकीचं लिहिलं. हात थरथरतोय माझा अलीकडे." एवढं बोलून त्या जमिनीवर बसल्या आणि वहीतले सगळे आकडे, पहिल्या पानापासून, पुन्हा लिहायला घेतले. मी त्यांच्याजवळ बसले आणि एकेक आकडा मोठ्याने वाचून दिला. संपायला दुपार झाली. त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं, की आम्ही दोघी एकाच बोर्डावर काम करतो आहोत.

परवानगी मिळाली. मे महिन्यात खालच्या सात घरांनी, मग सगळ्या वस्तीने, आणि दोन शनिवार-रविवार माझ्या कंपनीतल्या पंधराएक पोरापोरींनी मिळून चर खणले. आमच्यातल्या एकाला तासाभरात हाताला फोड आले. तो हिराबाईंना म्हणाला, "काकू, यू आर टू गुड." हिराबाईंनी कुदळ न थांबवता विचारलं, "काय म्हनतो हा?" बाई म्हणाल्या, "थकलोय म्हणतो." पहिल्या वर्षी फारसा फरक पडला नाही. गावात कुजबूज झाली. दुसऱ्या वर्षी हिराबाईंच्या विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी राहिलं. त्यातलं थोडं पलीकडच्या बोअरनाही गेलं असणार. सोपानरावांना त्याचा राग होता. बाई म्हणायच्या, "झिरपताना पाणी सातबारा बघत नाही. राहू दे."

त्यानंतर सहा वर्षांनी बाईंनी माळ सोडला, आणि त्यांनी केलेल्या सगळ्या गोष्टींत मला त्याचा सर्वांत जास्त अभिमान वाटतो. पन्हळ साफ करून उतरताना त्या शिडीवरून घसरल्या. मोडलं काही नाही, पण हिराबाई येईपर्यंत दोन तास त्यांना उठता आलं नाही. भाचा फोनवर वर्षानुवर्षं सांगत होता, मीही सांगत होते, त्या ऐकत नव्हत्या. आता कोणी काही म्हणायच्या आत त्यांनीच सांगितलं, "मला आता पन्हळ साफ करता येत नाही. म्हणजे हे घर माझं राहिलं नाही. ज्याला करता येईल त्याचं."

घर त्यांनी हिराबाईंना दिलं. देण्याआधी आठवडाभर बसून एक शेवटचा नकाशा काढला. घराचाच, पण त्यात भिंती-दारं नावापुरती होती. बाकी सगळ्या खुणा घर कुठे बिघडेल त्याच्या होत्या. इथे तिसऱ्या पावसात ओल येईल. हे कौल सैल आहे. टाकीचा हा कोपरा माझ्या हातून नीट झालेला नाही, लक्ष ठेवा. हिराबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून दोघी तो कागद हातात धरून घरभर फिरल्या आणि बाईंनी प्रत्येक जागेवर त्यांचा हात ठेवला.

मग त्या माझ्या सोसायटीच्या मागे तळमजल्यावरच्या एका खोलीत राहायला आल्या. माझ्याकडे राहा म्हटलं तर म्हणाल्या, "तुझ्या चौथ्या मजल्यावर मी पाहुणी होईन. इथे शेजारीण आहे." शहराबद्दल त्यांनी कधी कुरकूर केली नाही. महिन्याभरात आमच्या तीन इमारतींतले गळके नळ दुरुस्त झाले, आणि ते दुरुस्त करताना घरातल्या एका तरी माणसाला त्या शेजारी उभं करून शिकवत. "पुढच्या वेळी मला बोलावलंत तर येणार नाही," हे त्यांचं निरोपाचं वाक्य. माझ्या नवऱ्याला पन्नाशीत वायसर बदलता यायला लागला.

दोन वर्षांनी, एका दुपारी, जेवून ताट घासून पालथं घातलं आणि त्या जरा पडल्या. चार वाजता मी चहाला हाक मारायला गेले, तेव्हा गेलेल्या होत्या. भाच्याला लगेच निघता येणार नव्हतं. "तुम्हीच सगळं करा," तो म्हणाला, आणि रडला.

हिराबाईंना फोन केला. तास-दीड तासात एक टेम्पो आला. त्यातून सोपानराव, हिराबाई, त्यांच्या सुना, खालच्या सात घरांतली माणसं अशी तीसेक जणं उतरली. बाया डोक्यावर पदर घेऊन शांतपणे उभ्या राहिल्या. कोणी मोठ्याने रडलं नाही. बाईंना ते आवडलं नसतं हे सगळ्यांना माहीत होतं.

स्मशानभूमीच्या कचेरीत फॉर्म भरायचा होता. लिहिणारे गृहस्थ वयस्कर होते. नाव, वय, पत्ता झाला. मग त्यांनी विचारलं, "मयताशी आपलं नातं?"

मुलगी म्हणावं असं फार वाटलं. पण बाईंच्या बाबतीत चुकीची नोंद करायला मन धजेना.

"सहकारी," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या गर्दीकडे. "आणि ही मंडळी? यांच्यापैकी कोणी घरचं आहे का?"

हिराबाई पुढे झाल्या. "सहकारी म्हंजी काय?" त्यांनी मला विचारलं.

"बरोबर काम करणारी," मी म्हटलं.

"मग लिवा की," त्या गृहस्थांना म्हणाल्या. "आमी समदी त्येच हाय."

गृहस्थांनी त्या रकान्यात सावकाश, नीट अक्षरात लिहिलं, सहकारी, आणि फॉर्म सहीसाठी आमच्याकडे वळवला. मी सही केली. हिराबाईंनी माझ्या सहीखाली अंगठा उमटवला.